शिवण खांबांकडे

मंगळवारी सकाळी सिग्नलला गाडी थांबली आणि शेजारच्या रांगेत हॉटेलची पांढरी व्हॅन येऊन उभी राहिली. टोलेडोत आमच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या, ग्लेझियर्सच्या, सराव-मैदानाला लागून एकच हॉटेल आहे, आणि मंगळवारी त्याच्या व्हॅनमधून कोण येतं हे टीममधल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मंगळवार आमच्या सुट्टीचा. नेमकी त्याच दिवशी टीम बाहेरची माणसं गुपचूप बोलावते, त्यांना पळवून बघते, फेकायला लावून बघते, आणि बुधवारी आपल्यातल्या कुणाचं तरी कपाट रिकामं झालेलं असतं. म्हणून मंगळवारी शहाणा खेळाडू त्या रस्त्याला फिरकत नाही. मी गेलो होतो, कारण माझ्या बायकोला, नोरीनला सर्दी झाली होती आणि तिने औषध आणायला सांगितलं होतं. औषधाचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशीही आहे, ही गोष्ट वेगळी. व्हॅनच्या काचेवर बाष्प होतं. मी आधी माना पाहिल्या. माझ्या कामाच्या माणसाची मान जाड असते, खांद्यातून थेट डोकंच निघाल्यासारखी. आरशात मी ती रोज बघतो, चुकणं शक्य नाही. आत दोघेजण बसले होते. दोघांच्या माना बारीक, पाय लांब, गुडघे पुढच्या सीटला टेकलेले. किकर, चेंडू पायाने मारणारे. दोघेही किकर. माझ्या छातीतून श्वास सुटला आणि मी म्हणालो, वाचलो. मनात नाही, चांगलं मोठ्याने म्हणालो, रिकाम्या गाडीत. सिग्नल हिरवा झाला, व्हॅन वळून गेली, मागच्याने हॉर्न वाजवला, तरी माझा पाय ब्रेकवरून निघेना. दोन अनोळखी किकर माझ्या गावात आले होते, म्हणजे आमच्या किकरची, मायकाची नोकरी जायला निघाली होती, आणि मला आनंद झाला होता.

पुढे जाऊन मी एका बंद पडलेल्या टायरच्या दुकानासमोर गाडी लावली आणि उजवा हात स्टिअरिंगवर ठेवून मधल्या बोटाकडे बघत बसलो. दिसायला बोट उत्तम आहे. नख आहे, पेरं आहेत, एका जुन्या फ्रॅक्चरचा वाक आहे. फक्त ते माझं नाही. म्हणजे सांगितलं तर हलतं, दारावर वाजवलं तर वाजतं, पण त्याच्या टोकाला काय लागलं ते मला कळवत नाही. शेजारच्या बोटाचंही आता तसंच होऊ लागलंय. घरात हीटरजवळ बसलं की थोडी जाग येते, बाहेर थंडीत गेलं की पुन्हा मेल्यागत. आठवड्यापूर्वी माझ्या हातून अंडं निसटलं. पडलं ते मला ऐकू आलं, तोवर अंडं हातातच आहे अशी माझी समजूत होती. नोरीनने फरशी पुसता पुसता विचारलं, हाताला काय झालंय. मी म्हणालो, काय व्हायचंय, अंडं गुळगुळीत होतं. ती दातांच्या दवाखान्यात काम करते, दिवसभर माणसांना ‘दुखत नाही’ म्हणताना बघते. तिने पुढे काही विचारलं नाही, आणि तेच मला लागलं.

मी स्नॅपर आहे. अकरा वर्षं ग्लेझियर्समध्ये आहे आणि या शहरात मला दुधाच्या दुकानातही कोणी ओळखत नाही. ओळखलं तर समजावं की काहीतरी बिघडलंय. माझं काम एवढंच. किक मारायची वेळ आली की वाकायचं, दोन पायांमधून उलटं बघायचं आणि चेंडू मागे फेकायचा. मागे आठ पावलांवर रूबेन एका गुडघ्यावर बसलेला असतो. तो चेंडू झेलतो, जमिनीवर उभा धरतो आणि किकर तो दोन खांबांमधून मारतो. समोरचे अकरा जण अंगावर येत असतात, त्यामुळे माझ्या हातातून चेंडू सुटण्यापासून पायाला लागेपर्यंत सव्वा सेकंदच मिळतो. त्याहून उशीर झाला की चेंडू अडवला जातो. आपल्या चेंडूला एका बाजूला शिवण असते, जाड, उंचावलेली. रूबेनच्या हातात पडताना ती शिवण खांबांकडे असली पाहिजे, किकरच्या पायाकडे नाही. पायाला शिवण लागली की चेंडू भरकटतो, कितीही चांगला मारलेला असो. चेंडू हवेत किती फेरे घेणार हे माझ्या मनगटावर आणि या मधल्या बोटावर असतं. सुटताना शेवटचा स्पर्श त्याचाच. लहानपणी टोलेडोतल्याच मॉमी नदीच्या पलीकडे, हंगेरियन वस्तीतल्या आमच्या गॅरेजच्या दारावर बापाने एक टायर टांगला होता आणि मी संध्याकाळभर त्यात चेंडू फेकायचो. आई पाप्रिका घातलेलं चिकन गार होतंय म्हणून ओरडायची. तेव्हापासून जगातली बहुतेक महत्त्वाची दृश्यं मी उलटीच पाहिली आहेत. आणि सामन्यात किक मी कधीच पाहिलेली नाही. चेंडू सुटला की कुणीतरी माझ्या मानेवर आदळतं, मी गवतात असतो, आणि किक साधली की हुकली ते लोकांच्या आवाजावरून समजतं.

परवा रविवारी आवाज आला नाही. साठ हजार माणसं गप्प होण्याचाही एक आवाज असतो, तो आला. दोन गुणांनी आम्ही मागे होतो, शेवटचे काही क्षण, गावाशेजारच्या सरोवरावरून येणारा वारा कापत होता, आणि मायकाची किक डाव्या खांबाबाहेरून गेली. ही या हंगामातली पहिली चुकलेली किक नव्हती. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी दोन चुकल्या, नंतर एक, आणि ही. मी उठलो तेव्हा मायका कमरेवर हात ठेवून उभा होता. मायका लिंडक्विस्ट मिनेसोटाचा, सत्तावीस वर्षांचा, किक मारण्याआधी गवताचं पातं उपटून वाऱ्यावर सोडणारा. त्याची बायको शुक्रवारी वेलचीचे पाव भाजते आणि तो डबा घेऊन येतो. सगळ्यांना एकेक, मला दोन. आजोबांना दोन, असं म्हणतो. छत्तिसाव्या वर्षी मला आजोबा म्हणणारा तो पहिला आणि आता सगळी टीम म्हणते. तर त्या गवतात तो माझ्याजवळ आला, माझ्या शिरस्त्राणाला कपाळ टेकवलं आणि म्हणाला, “सॉरी आजोबा. तू छान दिला होतास. मीच घालवला.”

हा किकर लोकांचा रिवाज आहे. कुठे लिहिलेला नाही, पण मोडलेला मी कधी पाहिला नाही. चेंडू घोट्याएवढा खाली येवो, डोक्यावरून जावो, वाकडा धरलेला असो, वार्ताहरांनी माइक समोर धरला की किकर म्हणतो: चेंडू चांगला आला, चांगला धरला, मारायचं काम माझं होतं. दुसऱ्याकडे बोट दाखवणाऱ्या किकरला कुठलीच टीम जवळ करत नाही, आणि त्याला स्वतःलाही आरशात बघवत नसावं. मायका चारही वेळा हेच बोलला. तिसऱ्या वेळेनंतर कुणीतरी त्याच्या घरासमोरच्या हिरवळीवर ‘घर विकणे आहे’ अशी पाटी रोवून गेलं. त्याने ती गॅरेजमध्ये ठेवली, म्हणाला, लाकूड चांगलं आहे. आणि मी प्रत्येक वेळी त्याच्या शेजारच्या कपाटासमोर बूट काढत, त्याचं ते बोलणं ऐकत, त्याच्या सभ्यपणाच्या आडोशाला बसून राहिलो. मला वाटायचं की मला खात्री नाही. खात्री नसणं फार सोयीचं असतं. मी किक बघत नाही, पडद्यावर लागली तरी सगळ्यांसारखा मायकाचाच पाय बघायचो, तर मला काय माहीत, शिवण कुठे होती.

फोन थरथरला. मायकाचाच निरोप होता. “आजोबा, आज कुणाला बोलावलंय का? एकजण म्हणतो व्हॅन पाहिली.” मी डाव्या हाताने लिहिलं, “मला काय माहीत. सुट्टी आहे, झोप काढ.” पाठवल्यावर लक्षात आलं की मी आता टायपिंगसुद्धा डाव्या हाताने करतो. कधीपासून, ते आठवेना. म्हणजे शरीराने सगळं केव्हाच ओळखून घेतलं होतं आणि आपली सोय लावून टाकली होती. फक्त मीच अजून काही झालं नाही असं धरून चाललो होतो. दुकानाच्या फुटक्या काचेत माझी गाडी दिसत होती, आणि आत एक जाड मानेचा माणूस.

ऑगस्टमध्ये सुरू झालं. शिबिराचा कडक उन्हाळा, अंगातून पाण्याच्या धारा, आणि एका साध्या सरावात एक नवा पोरगा माझ्या मानेवर असा आला की खांद्यापासून बोटांपर्यंत वीज गेली. वीज सगळ्यांनाच जाते. हात झटकायचा आणि पुन्हा वाकायचं, हे शाळेपासून शिकलोय. या वेळी झटकून हात परत आला, बोट आलं नाही. डॉक्टरकडे गेलो असतो तर त्याने मानेचे फोटो काढले असते, आणि स्नॅपरच्या मानेचा फोटो म्हणजे निरोपाची चिठ्ठीच. हे मी त्या वेळी फार शांतपणे ठरवलं होतं. मनाशी म्हणालो, आठ दिवस बघू. मग पहिला सामना जिंकलो, दुसरा जिंकलो. ग्लेझियर्स! अकरा वर्षांत आम्ही एकदाही जानेवारीतल्या बाद फेरीत गेलो नाही. या शहरात आमच्या नावाने विनोद सांगतात, लग्नातसुद्धा सांगतात. आणि या वर्षी, कोण जाणे कसं, पानं पिवळी पडेपर्यंत आम्ही पहिल्या नंबरावर होतो. न्हाव्याच्या दुकानात आमची निळी निशाणं लागली. चर्चमध्ये पाद्रीने आमच्यासाठी एक मिनिट राखून ठेवलं. एकदा तरी जानेवारीत खेळायचं, एवढंच मला हवं होतं. जिंकलोच पाहिजे असंही नाही. जानेवारीत, बर्फात, एकदा वाकायचं आणि उलटं स्टेडियम भरलेलं बघायचं. या हावेचं मला काही वाईट वाटत नाही, अजूनही नाही. आता दोन सामने राहिले होते आणि त्यातला एक जिंकणं भाग होतं.

आणि सोमवार, म्हणजे कालचाच दिवस. कोच डुप्रींनी अंधाऱ्या खोलीत रविवारची किक पडद्यावर लावली. कोच लुइझियानाचे, कमी बोलणारे, किकच्या वेळी नेहमी खांबांच्या खाली उभे राहून वर बघणारे. पडद्यावरही ते मायकाचा पाय बघत होते, कंबर बघत होते, मागे-पुढे करून मायकाचा खांदा कसा लवकर उघडला, वेळेआधी वळला, ते दाखवत होते. सगळी खोली तिथे बघत होती. मी खालच्या कोपऱ्यात पाहिलं. चेंडू रूबेनच्या हातात येतो तेव्हा शिवण सरळ मायकाकडे आहे. रूबेनची बोटं ती फिरवू लागतात, अर्धीच फिरते, आणि पाय येतो. कोचनी ते दृश्य पाच-सहा वेळा दाखवलं. प्रत्येक वेळी रूबेनची बोटं फिरत होती. त्या बोटांत गोंधळ नव्हता. रोजच्या कामाला लागल्यासारखी ती निमूट फिरत होती. अंधारात मी मान वळवली तर रूबेन पडद्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. दिवे लागल्यावर मायका म्हणाला, बरोबर आहे कोच, खांदा लवकर उघडला.

टायरच्या दुकानासमोर किती वेळ बसलो सांगता येत नाही. पुन्हा फोन वाजला तेव्हा मला वाटलं, मायका. कोच होते. दोन पाहुणे आलेत, म्हणाले, तासाभरात ये, चेंडू द्यायला माणूस पाहिजे, रूबेनलाही सांगितलंय, लिंडक्विस्टला कळायला नको. अर्थात. किकरची परीक्षा घ्यायची तर चेंडू फेकणारा आणि धरणारा घरचाच लागतो, नाहीतर पाहुणे म्हणतील आम्हाला धड चेंडू मिळाला नाही. हे मी याआधीही केलंय, इतर किकरांच्या वेळी. वाईट वाटतं, पण ते कामच असतं. मी येतो म्हणालो. औषध घ्यायचं राहून गेलं. रस्ताभर मी गाडीचा हीटर मोठा ठेवला आणि उजवा हात त्याच्या जाळीवर धरून बसलो. असं का करतोय, हे मला नीट समजत होतं. मायकाच्या जागी येणाऱ्याला मी चांगला चेंडू देणार होतो.

रूबेन कपडे बदलायच्या खोलीत आधीच आला होता. रूबेन एस्पार्सा एल पासोचा, आमची गाठ नऊ वर्षांची. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता म्हणून उभा होतो आणि त्याच्या हातात मी जितके चेंडू दिले असतील तितके शब्द कदाचित दिले नसतील. तो बुटाच्या नाड्या ओढत होता. मी उभ्या उभ्याच विचारलं, “किती दिवस फिरवतोयस?”

त्याने काय म्हणून विचारलं नाही. “ऑक्टोबरपासून,” म्हणाला. “पाव फेरा जास्त येतो. गार असलं की अर्धा.”

“बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर तू विचार करायला लागला असतास. मग पाव काय, चेंडू प्रेक्षकांत गेला असता.” त्याने नाडीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. “मला वाटलं, जाईल आपोआप. दोन सामने राहिलेत रे. मी फिरवीन ना.”

“रविवारी जमलं नाही.”

“माझीही बोटंच आहेत. त्यांनाही थंडी वाजते.”

“आणि मायका?”

रूबेन उठला आणि त्याने खोलीचं दार नीट लागलंय का ते पाहिलं. “मायकाला दुसरी टीम मिळेल. सत्तावीस वर्षांचा आहे, पाय चांगला आहे. तुला कोण घेणार, गेरी? तू नीट विचार कर. तुला कोण घेणार?” हे तो माझ्यावरच्या मायेने बोलत होता. तो जे सांगत होता ते मी स्वतःला सिग्नलपाशी सांगून बसलो होतो, एका शब्दात.

सराव आतल्या मैदानात होता. विमानं ठेवण्याच्या शेडसारखी मोठी जागा, खोटं हिरवं गवत, वरून गरम हवा सोडणारे पाइप. पाहुण्यांपैकी एकाला तांबूस दाढी होती, दुसरा अगदी कोवळा दिसत होता. दाढीवाल्याने माझ्याशी हात मिळवला, म्हणाला, तुमचे चेंडू मी कॉलेजात असताना बघायचो, व्हिडिओ हळू करून. तुमच्यासारखी शिवण कुणाची येत नाही. मी हसलो की काय केलं, आठवत नाही. दोन वर्षं तो कुठल्याच टीममध्ये नव्हता, छपरं दुरुस्त करायचं काम करतो, पहाटेच्या विमानाने आला होता. कोच खांबांच्या खाली जाऊन उभे राहिले आणि त्यांनी मान वर केली. मी वाकलो. उलट्या जगात रूबेनने हात पुढे केले. गरम हवेत बोटाला बारीक मुंग्या येत होत्या आणि मी जवळजवळ प्रार्थना केली की त्या टिकून राहोत. चेंडू गेले. अंगावर येणारं कोणी नव्हतं, म्हणून मला मान वळवून मागचं बघता येत होतं. शिवण कधी बरोबर यायची, कधी पाव फेरा पुढे. आणि रूबेन ती निवांत, वेळ घेऊन, नळाची तोटी बंद करावी तशी फिरवून ठेवायचा. घाई नव्हतीच कुणाला. दाढीवाल्याच्या किका एकामागून एक मधोमध जाऊ लागल्या. कोचनी खालून अंगठा वर केला. बघता बघता माझ्या डोळ्यांसमोर मायकाचं कपाट रिकामं झालं: आतला डबा, गवताचं पातं, सगळं. आणि येत्या रविवारी, सरोवराच्या वाऱ्यात, हाच दाढीवाला माझ्या मागे उभा असेल, छपरावरून उतरून आलेला, आणि समोरचे अकरा जण येतील, आणि रूबेनला वेळ मिळणार नाही. मग तो म्हणेल, चेंडू छान होता, मीच घालवला. मग पुढच्या मंगळवारी आणखी एक व्हॅन. मी वाकलेलाच होतो. मानेत रक्त उतरलं होतं. मला साधी भीती वाटत होती. नोरीनला काय सांगू, सकाळी उठून कुठे जाऊ, माझ्यासारख्या माणसाला उभं राहून काय करता येतं. मी सरळ झालो.

“कोच, बाहेर घेऊ या,” मी म्हणालो.

कोच खांबांखालून म्हणाले, कशाला, पाहुण्यांचे पाय आखडतील. मी म्हणालो, रविवारी आपल्याला छप्पर नसतं. अकरा वर्षांत मी त्यांना काही सुचवल्याचं त्यांना आठवत नसावं. मग त्यांनी खांदे उडवले आणि दार उघडायला सांगितलं. रूबेन माझ्या शेजारून चालताना हळूच म्हणाला, वेडा आहेस का. दारातून वारा आत आला तो थेट माझ्या उजव्या हातावर. बाहेरचं गवत गोठून कडक झालं होतं, बुटांखाली मोडत होतं. नदीकडून धुराचा वास येत होता. मी चेंडू उचलला आणि तळहातात फिरवला; चेंडू फिरला एवढं डोळ्यांना दिसलं, बोटाला नाही. मुंग्याही गेल्या होत्या. वाकलो. दोन पायांच्या मधून रूबेन दिसत होता, आभाळाला गुडघा टेकून बसलेला, त्याच्यामागे दाढीवाला, वाफ सोडणारा.

“रूबेन,” मी म्हणालो. “फिरवू नकोस. येईल तसा ठेव.”

त्याने ऐकलं. त्याचा चेहरा आक्रसला आणि मला वाटलं, हा फिरवणार. मी चेंडू सोडला. चेंडू उंचीला बरोबर गेला, वेगही बरोबर. शिवण मात्र किकरकडे. रूबेनने तो तसाच जमिनीवर टेकवला. किक उजवीकडे गेली. पुन्हा. डावीकडे. पुन्हा. खांबाच्या बुडाशी आपटून चेंडू परत घरंगळत आला. कोवळा पोरगा खाली बघू लागला. दाढीवाल्याने टोपी काढली, पुन्हा घातली. त्याचे कान लाल झाले होते. दोन वर्षांनी मिळालेली संधी त्याच्या पायाखालून निसटत होती, आणि त्याला ते दिसत होतं, आणि शिवणही त्याला नक्की दिसली होती. त्याच्या पायालाच लागत होती ती. तो खांबांच्या दिशेने मोठ्याने म्हणाला, “सॉरी कोच. चेंडू एकदम छान येतोय. माझंच चुकतंय.”

मला तो क्षण कायमचा लागून राहील. इतकं चांगलं मला आजवर कोणी वागवलं नसेल, आणि तो माणूस माझं आडनावही नीट उच्चारत नव्हता.

“छान येत नाहीये,” मी म्हणालो. माझा आवाज वाऱ्यात कमी पडला असं वाटून मी कोचकडे चालत गेलो आणि पुन्हा म्हणालो. “शिवण त्याच्याकडे जातेय. मायकाकडेही जात होती. रविवारी, आणि त्याच्या आधीच्या तिन्ही वेळा. रूबेनने फिरवून फिरवून सांभाळलं, त्याचा दोष नाही. मला बोट कळत नाही, कोच. ऑगस्टपासून.”

कोच डुप्रींनी आधी माझ्याकडे बघितलं नाही. ते माझ्यामागे पडलेल्या चेंडूकडे बघत राहिले, आता कुठे तो दिसल्यासारखे. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर उभ्या उभ्याच ऑफिसात सांगितलं की पाहुण्यांचं दुपारचं विमान बघा, किकर नको, उद्या सकाळपर्यंत एक स्नॅपर हवाय. फोन ठेवला. दाढीवाल्याजवळ जाऊन त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काहीतरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही. रूबेन अजून गुडघ्यावरच होता, हात पुढे, चेंडू नसताना. कोच परत आले, त्यांनी हातमोजा काढला आणि माझा उजवा हात हातात घेतला, लहान पोराचा काटा काढायला घेतात तसा. मधलं बोट चिमटीत धरलं.

“दुखतंय?” त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. त्याचं नख पांढरं पडलं होतं, त्यावरून मला कळलं की ते दाबतायत.

“नाही,” मी म्हणालो.